आधी शोध घ्या, मग लावा!

हळदीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत चक्क पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआरने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९७ साली ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते आपल्या गोव्यातले डॉ. माशेलकर. छाती फुगते ना? माझीही फुगते. पण ही लढाई 'आमची आजी लावायची' एवढ्यावर नाही जिंकली, मंडळी! जुने ग्रंथ, १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख, असं छापील काहीबाही शोधून पुढ्यात ठेवलं, तेव्हा कुठे तिकडच्यांनी मानलं. आपण त्यांना सुनावलं काय, तर 'बाबांनो, आधी काय होऊन गेलंय ते बघायला नको?'

मग आपल्या घरात हा प्रश्न विचारला की लोकांना राग का येतो?

माझ्या भाच्याने स्वयंपाकघरातलं एक यंत्र बनवलंय. कसलं ते इथे सांगणार नाही, कारण अर्ज करण्याआधी गोष्ट जगजाहीर झाली तर पेटंटच हातचं जाऊ शकतं. यंत्र छान आहे. पेटंटसाठी ताई एफडी मोडायला निघाली आहे. आधी कोणी केलंय का ते बघितलंस का रे, असं विचारलं तर म्हणतो, "मावशी, गुगल केलं, दुकानांत बघितलं. कुठेच नाही."

अरे, दुकानात नाही म्हणजे जगात नाही? पेटंट मिळालेल्या कितीतरी वस्तू बाजाराचं तोंडही बघत नाहीत. पण तो कागद तुम्हाला आडवा यायला पुरेसा असतो. शिवाय पेटंटची भाषाच वेगळी. समजा कोणाला कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र सुचलं (हे भाच्याचं नव्हे हं!), तर 'शिट्टी' शोधून भागत नाही. तिथे 'दाब सुटल्याची नोंद घेणारी यंत्रणा' असलं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणून वस्तूच्या नावाने नाही, तिच्या कामाने शोधायचं. आणि वर्गाने. प्रेशर कुकरचा वर्ग ए४७जे २७/०८. वाचनालयात कपाटाचा नंबर असतो ना, तसंच हे. एक जवळचं पेटंट सापडलं की त्यात कुठल्या जुन्या पेटंटांचा उल्लेख आहे ते बघायचं, मग त्याचा उल्लेख पुढे कोणी केलाय तेही. चित्रं बघून थांबायचं नाही, 'क्लेम्स' वाचायचे. मालकी नेमकी कशावर, ते तिथे ठरतं. एस्पेसनेट, गुगल पेटंट्स, आपल्या पेटंट कार्यालयाचा शोध, सगळं फुकट आहे हो!

यावर ठरलेलं उत्तर, "ते परीक्षक बघेलच की." बघेल. पण तोवर मसुद्याचे, फीचे पैसे गेलेले असतात. काही जण तर तात्पुरता अर्ज टाकून नंबर मिळाला की पेढे वाटतात. त्या नंबराचा अर्थ एवढाच, की बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा आहे. कल्पना नवी आहे का, हे तोपर्यंत कोणी तपासलेलंही नसतं.

आणि 'शोधत बसलं की उत्साह मावळतो' हे तर मला अजिबात पटत नाही. वीस वर्षांची मुदत संपलेलं पेटंट सापडलं तर त्यातली युक्ती वापरायला मोकळी. कोण कुठे अडलं तेही कळतं. कधी कधी आपली खरी नवी गोष्ट भलत्याच कोपऱ्यात निघते, एखाद्या झडपेत किंवा स्प्रिंगमध्ये.

शंभर टक्के खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. अर्ज साधारण अठरा महिने बाहेर दिसतच नाहीत. त्यामुळे खात्रीची हमी विकणारा सल्लागार भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

तर ताई, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. एफडीला तूर्त हात लावू नकोस. चार रविवार त्याला माझ्याकडे पाठव, सोबत एक कोरी वही दे. कुठला शब्द टाकला, कुठला वर्ग पाहिला, काय सापडलं, सगळं तारखेनिशी लिहू. आणि ते यंत्राचं व्हिडिओ प्रकरण... कृपा करून अजून कोणालाही पाठवू नकोस.