फ्लॉप कुणाचा?

टेक्सास होल्डेम खेळणाऱ्यांमध्ये एक समज इतका मुरला आहे की त्याला कुणी समज म्हणत नाही, नियमच म्हणतात. फ्लॉपच्या आधी ज्याने रेझ केले, त्याने टेबलावर सामाईक तीन पाने उघडली की पुन्हा बेट मारायचीच. हाताला काही लागो न लागो. समोरच्याने चेक केले ना? मग तो ढेपाळला. एक धक्का दिला की पॉट आपला. हिचे नाव कंटिन्युएशन बेट, टेबलावरच्या बोलीत सी-बेट. नवा खेळाडू सगळ्यात आधी हीच चाल शिकतो आणि पुष्कळदा चिप्सही हिच्याच पायी घालवतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. हातातल्या दोन पानांची जोडी नसेल, तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी जमण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. म्हणजे तीनातून दोन वेळा समोरच्याची जोडी जमलेली नसते. आता पॉटमध्ये ६० चिप्स आहेत आणि ३० ची बेट मारली, तर ती तीनातून एकदा चालली तरी पैसे वसूल. हवे एकदा, मिळणार दोनदा! १९९५ चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने बिल रोबर्टीबरोबर लिहिलेल्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’च्या पहिल्या खंडाने २००४ मध्ये ही चाल सर्वतोमुखी केली. पुस्तकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तेव्हा होल्डेमची लाट नुकतीच उसळली होती आणि फ्लॉप चुकला की मुकाट पाने टाकणारे नवखे खोऱ्याने मिळत.

गोम आहे ती एका गृहीतकात: जोडी जमली नाही म्हणजे काहीच जमले नाही.

एक डाव जवळून पाहू. बटनवरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणाऱ्या खेळाडूने रेझ केले, बिग ब्लाइंडने कॉल केले, बाकीचे बाहेर. फ्लॉप आला बदामची अठ्ठी, बदामची सत्ती, किलवरची छक्की. बटनच्या हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. नियम म्हणतो, मार. पण बिग ब्लाइंड सक्तीचे पैसे आधीच टाकून बसलेला असतो, त्यामुळे तो काय काय घेऊन कॉल करतो ते पाहा. दश्शी-नव्वी आणि पंजी-चव्वी यांचा स्ट्रेट तयार आहे. अठ्ठी-सत्तीच्या दोन जोड्या झाल्या आहेत. छक्क्यांची जोडी घेऊन बसलेल्याच्या तीन छक्क्या झाल्या. एकटी नव्वी किंवा पंजी असलेला स्ट्रेटच्या दारात उभा आहे, बदामची दोन पाने असलेला फ्लशच्या. यांतला एकही बेटला भिऊन पाने टाकणार नाही. काहीजण उलट रेझ करतील आणि एक्का-राणीला पळ काढावा लागेल. तेच बटनने चेक केले असते तर पुढचे पान फुकट पाहायला मिळाले असते. उरलेले तीन एक्के आणि तीन राण्या मिळून ४७ पैकी सहा पाने त्याची जोडी जमवतात. बेट मारून त्याने ही संधी स्वतःच पणाला लावली.

आता फ्लॉप बदला: एक्का, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. चित्रच पालटते. एक्क्यांची जोडी किंवा एक्का-राजा हातात असता तर बिग ब्लाइंडने बहुतेक वेळा आधीच उलट रेझ केले असते. नुसते कॉल केले, म्हणजे भारी एक्के बटनकडे असण्याचा संभव जास्त. स्ट्रेट-फ्लशची आशा तर इथे जवळपास नाहीच. अशा ठिकाणी पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी छोटी बेट जवळजवळ कुठल्याही हाताने मारावी. ती चारातून एकदा चालली तरी पुरते. इथे पूर्वपक्षाशी भांडण नाही. भांडण आहे ते ‘जवळजवळ कुठल्याही हाता’चे ‘कुठल्याही फ्लॉपवर’ करून टाकण्याशी. ५२ पानांतून २२,१०० वेगवेगळे फ्लॉप निघतात; नुसती रंगांची अदलाबदल असलेले एकात धरले तरी १,७५५ उरतात. त्या सगळ्यांना एकच औषध कसे लागू पडेल?

म्हणून विचारायचा प्रश्न हा: फ्लॉप कुणाचा? म्हणजे दोघांकडे या क्षणी असू शकतील अशा सगळ्या हातांचा, टेबलाच्या भाषेत रेंजचा, विचार केला तर ही तीन पाने कुणाच्या जास्त कामाची?

चेक म्हणजे कबुली, ही दुसरी भाबडी समजूत. बिग ब्लाइंडवरचे बहुतेक खेळाडू चांगलेवाईट सगळेच हात सवयीने चेक करतात, मग त्या चेकमधून कळणार ते काय? आणि समोर एकाऐवजी तिघे असतील तर तो गोड हिशेबच कोसळतो. तिघांचीही जोडी चुकलेली असण्याची शक्यता ढोबळमानाने ३१ टक्के.

आपल्याकडच्या खेळाडूची आणखी एक अडचण आहे. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत होल्डेमच्या टेबलाशी पहिल्यांदा बसणारा पुष्कळदा तीन पत्ती खेळून आलेला असतो. तिथे सामाईक पान नसतेच. चाल देत राहायचे, दम दाखवायचा, समोरचा पॅक झाला की जिंकलो. होल्डेममध्ये मात्र टेबलावरची पाने दोघांच्याही हाताला जोडलेली असतात आणि नुसता दम दोघांपैकी कुणीतरी त्यांच्याशी ताडून पाहतो.

यावर ठरलेला आक्षेप असा की ही संगणकाची अक्कल. आमच्या छोट्या टेबलावर माणसे बसतात. बरोबर, आणि तिथली माणसे पाने टाकत नाहीत! सगळ्यात खालची जोडी धरून रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत कॉल करत जाणाऱ्याला ब्लफ मारणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिथे रिकाम्या हाताने सी-बेट कमी करावी आणि खरा हात लागला की मोठी मारावी. एखादा प्रत्येक फ्लॉपला पाने टाकत असेल तर त्याला जरूर मारावी, पण ती त्याला पाहून, पोथी पाहून नव्हे.

याच पोथीतला दुसरा श्लोक डाँक बेटबद्दल. ज्याने आधी नुसते कॉल केले त्याने फ्लॉपवर स्वतःहून बेट मारणे हे गाढवाचे लक्षण मानले गेले; नावच तसे पडले. कार्नेगी मेलनचे नोम ब्राऊन आणि टुओमास सँडहोम यांच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रॅमने सहा जणांच्या होल्डेममध्ये नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवले. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. प्लुरिबस ही ‘गाढवाची’ बेट व्यावसायिक माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मारतो, असे त्यात नोंदले आहे. माणसांचे पाठांतर त्याला कुणी दिले नव्हते. तो स्वतःशीच खेळून शिकला. छक्की-पंजी-चव्वीसारखा फ्लॉप कॉल करणाऱ्याच्या कामाचा असेल, तर रेझ करणाऱ्याची वाट त्याने का पाहावी?

ब्लफचे नाव निघाले की २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या टप्प्यातला, ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फारा यांच्यातला डाव सांगितला जातो. तोही नीट पाहावा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फाराकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. रेझ मनीमेकरचे, कॉल फाराचे. फ्लॉप: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फाराने चेक केले, आणि नियमाप्रमाणे जिथे मारायलाच हवी होती तिथे मनीमेकरनेही चेक केले. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर इस्पिकची अठ्ठी आल्यावर फाराने तीन लाखांची बेट मारली, तेव्हा कुठे मनीमेकरने आठ लाखांचे रेझ केले. त्या घडीला त्याचा हात रिकामा नव्हता. उरलेली आठ इस्पिके, इतर रंगांच्या तीन दश्श्या आणि तीन पंज्या, शिवाय तीन राजे, अशी ४४ पैकी १७ पाने त्याला पुढे नेणारी होती, म्हणजे जवळपास ३९ टक्के. फाराने कॉल केले. रिव्हरवर बदामची तिर्री आली, सगळेच चुकले. फाराने चेक केले आणि मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. टेबलावर तीन इस्पिके होती आणि राजा मनीमेकरच्याच हातात, त्यामुळे फाराकडे राजाचा फ्लश असणे शक्य नव्हते. फारा बराच वेळ विचारात पडला आणि टेबलावरची सर्वात मोठी जोडी हातात असूनही त्याने पाने टाकली.