निर्णय तिचा असू द्या

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आल्या. जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकायची, पदवीला तिथली मान्यता मिळवायची; हे कष्ट नुकत्याच नर्सिंग झालेल्या मुली उपसतात. अडतं ते घरात. आईचं आजारपण, भावाचं शिक्षण, जमत आलेलं लग्न, सगळ्याचा हिशेब मुलीच्याच माथी. मुलगा परदेशी निघाला की आपण पेढे वाटतो. ही तफावत मला सहन होत नाही. रात्रपाळीनंतरचं परक्या गावातलं एकटेपण खरं आहे, म्हणून इथेच राहणंही तितकंच मानाचं. मात्र ते तिने ठरवलेलं हवं. पालकांनो, तिच्याशेजारी बसून नोकरीचं करारपत्र वाचा. पगार, मुदत, नोकरी मध्येच सोडल्यास भरावी लागणारी रक्कम, सगळं विचारून घ्या. लग्नाची बोलणी तोवर थांबवा.