लखनौचा पट, यंत्राची चाल : बुद्धिबळातील कृत्रिम बुद्धिमत्ता भारताच्या पथ्यावर का पडली?

लखनौ : कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाला हरवणार का, या प्रश्नाचा बुद्धिबळाच्या पटावर केव्हाच निकाल लागला आहे. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू' या संगणकाने तत्कालीन जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांचा सहा डावांच्या लढतीत ३.५-२.५ असा पराभव केला. २००६ मध्ये जर्मनीतील बॉन येथे व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'कडून ४-२ असे हरले. त्या लढतीतील एका डावात तर विद्यमान जगज्जेत्याला स्वतःवर होणारी एका खेळीतली मात दिसली नाही. त्यानंतर अशा लढती भरवण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. माणसाने आजवर गाठलेले सर्वोच्च एलो गुणांकन २८८२ आहे आणि ते नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसन यांच्या नावावर २०१४ पासून नोंदले गेले आहे. साध्या लॅपटॉपवर चालणाऱ्या 'स्टॉकफिश' या इंजिनाची ताकद ३५०० च्या घरात मोजली जाते.

स्पर्धा संपली, तरी खेळ संपला नाही. उलट तो वाढला आणि त्या वाढीचा सर्वांत मोठा लाभार्थी भारत ठरला. उत्तर प्रदेश सरकारने लखनौला कृत्रिम बुद्धिमत्तेचे शहर म्हणून विकसित करण्याची घोषणा केली असताना या अनुभवाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. कारण भारतीय साहित्यात बुद्धिबळाची सर्वांत प्रसिद्ध कथा याच शहराची आहे.

मुन्शी प्रेमचंद यांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा १९२४ मधली. तिचा काळ मात्र १८५६ चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा करून नवाब वाजिद अली शाह यांना पदच्युत केले त्या वर्षाचा. मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार शतरंजमध्ये इतके बुडालेले असतात की राज्य हातातून गेल्याचेही त्यांना सोयरसुतक नसते. कथेच्या अखेरीस ते डावावरून भांडतात आणि एकमेकांच्या तलवारीने मरतात. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये याच नावाचा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी हा शेवट बदलला. चित्रपटात एक पाहुणा या दोघांना इंग्रजी पद्धतीचा खेळ समजावून सांगतो : पहिल्या चालीत प्यादे दोन घरे जाऊ शकते, वजिराच्या जागी राणी येते, डाव लवकर आटोपतो. शेवटी अवध गेल्यावर हे दोघे जिवंत राहतात आणि पुन्हा पट मांडून बसतात, तो इंग्रजी नियमांनी.

ही कथा विलासी सरंजामशाहीवरील टीका म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि रायांच्या शेवटात आणखी एक गोष्ट आहे. खेळाचे नियम दुसरीकडे ठरले आणि खेळाडूंनी ते निमूट स्वीकारले. (मराठी खेळाडू आजही राणीला वजीरच म्हणतात, एवढाच काय तो प्रतिकार.) नियम आणि ज्ञान दुसऱ्याच्या हाती असण्याची किंमत काय असते, हे त्यानंतर पाऊणशे वर्षांनी एका अस्सल भारतीय खेळाडूने अनुभवले. पंजाबचे मीर सुलतान खान भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ शिकलेले होते. त्या पद्धतीत प्यादे एकाच घराने पुढे सरकत असे. सर उमर हयात खान यांनी १९२९ मध्ये त्यांना इंग्लंडला नेले. तेथे १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वेळा त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेते कॅपाब्लांका यांनाही हरवले. त्यांची दुखरी बाजू एकच होती : डावाच्या आरंभीच्या खेळ्यांचे युरोपात साठलेले ज्ञान त्यांच्याजवळ नव्हते. ते ज्ञान युरोपीय भाषांतील पुस्तकांत आणि तिथल्या क्लबांत होते. सुलतान खान पटावर बसत, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या मागे शंभर वर्षांचा अभ्यास उभा असे आणि त्यांच्यामागे केवळ त्यांची प्रतिभा. जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळपास सहा दशकांनी.

हा असमतोल संगणकाने मोडला, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. 'डीप ब्लू' हे एका कंपनीचे खास बनावटीचे यंत्र होते. लढत संपल्यावर ते पुन्हा खेळलेच नाही. २०१७ च्या डिसेंबरात गूगलच्या डीपमाइंडने 'अल्फाझीरो' सादर केले. केवळ नियम माहीत असलेल्या या प्रणालीने स्वतःशीच खेळून काही तासांत बुद्धिबळ आत्मसात केले आणि स्टॉकफिशविरुद्धच्या शंभर डावांत २८ विजय व ७२ बरोबऱ्या मिळवल्या. पण त्या स्वतःशीच खेळलेल्या डावांसाठी गूगलच्या पाच हजार खास प्रक्रियक चिप कामाला लावल्या होत्या आणि ती प्रणाली कोणाच्याही हाती आली नाही. हाती आले ते दुसऱ्याच लोकांचे काम. डीपमाइंडने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधावरून स्वयंसेवकांनी 'लीला चेस झीरो' हे मुक्त इंजिन उभे केले. जपानमधील शोगी या पारंपरिक खेळाच्या प्रोग्रामसाठी २०१८ मध्ये तयार झालेले, साध्या प्रक्रियकावरही वेगाने चालणारे न्यूरल जाळे २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये बसवले गेले. स्टॉकफिशची संहिता २००८ पासून खुली आहे; जगभरचे लोक आपल्या संगणकाचा फावला वेळ तिच्या चाचण्यांसाठी देतात. म्हणून कार्लसन ज्या इंजिनावर तयारी करतात, तेच इंजिन लखनौच्या अमीनाबादमधील किंवा सांगलीतील एखाद्या शाळकरी मुलाच्या स्वस्त मोबाइलवर फुकट चालते. सुलतान खान यांना जे मिळाले नाही, ते आता कोणालाही मिळते.

भारताने या संधीचे सोने केले, याला एक जुनी पार्श्वभूमीही आहे. यंत्राकडून हरल्यानंतर कास्पारोव्ह यांनीच 'ॲडव्हान्स्ड चेस' ही कल्पना मांडली होती : दोन्ही खेळाडूंनी संगणक शेजारी ठेवून खेळायचे. स्पेनमधील लिऑन येथे १९९८ मध्ये कास्पारोव्ह आणि टोपालोव्ह यांची पहिली लढत ३-३ अशी सुटली. पुढे १९९९, २००० आणि २००१ अशी सलग तीन वर्षे तेथे विश्वनाथन आनंद जिंकले. यंत्राशी लढण्यापेक्षा यंत्रासह विचार करण्याचे कौशल्य वेगळे असते आणि ते एका भारतीयाने सर्वांत आधी सिद्ध केले होते. १९८८ मध्ये आनंद देशाचे पहिले ग्रँडमास्टर झाले. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख ८८ वी ग्रँडमास्टर झाली. बाटुमी येथील महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने कोनेरू हंपी यांना टायब्रेकमध्ये हरवले, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्याआधी २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकले. खुल्या गटातील संघात नाशिकचे विदित गुजराथी होते, महिला संघात दिव्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सिंगापूर येथे १८ वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता झाला.

इंजिन तर रशियातही तेच आहे आणि युरोपातही. फरक पडला तो त्याभोवती उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. गुकेशचे प्रशिक्षक ग्रँडमास्टर विष्णू प्रसन्ना यांनी त्याला जडणघडणीच्या वर्षांत जाणीवपूर्वक इंजिनापासून दूर ठेवले. कारण सरळ होते. इंजिन उत्तर देते, त्यामागचे कारण देत नाही. आणि आयते उत्तर मिळालेल्या मुलाला स्वतः हिशेब करण्याची सवय लागत नाही. सिंगापूरच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांनी ५५ व्या खेळीला हत्ती चुकीच्या घरात नेला. पडद्यावरील मूल्यांकन पट्टीमुळे ती चूक घरबसल्या पाहणाऱ्या लाखो लोकांना त्याच क्षणी समजली. गुकेशला ती स्वतःच्या डोळ्यांनी शोधावी लागली. पाहणाऱ्याला खेळाडूपेक्षा अधिक कळते, असा हा बहुधा पहिलाच खेळ असावा.

या व्यवस्थेची काळी बाजू म्हणजे संशय. खिशात मावणारे यंत्र जगज्जेत्यापेक्षा बलवान असेल, तर जिंकणाऱ्या प्रत्येकाकडे नजर जाते. भारताने हे फार लवकर पाहिले. २००६ मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत शिवलेले ब्लूटूथ यंत्र सापडले आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. तेथे निदान पुरावा हाती होता. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सिंकफील्ड चषकात हान्स नीमन यांच्याकडून हरल्यावर कार्लसन यांनी स्पर्धा सोडली आणि पुढे आरोप केला. नीमन यांनी पूर्वी ऑनलाइन डावांत गैरप्रकार केल्याचे मान्य केले. समोरासमोरच्या खेळात ते केल्याचे सिद्ध झाले नाही. फिडेने अखेर कार्लसन यांनाच स्पर्धा सोडल्याबद्दल दहा हजार युरोंचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की यांचे वयाच्या २९ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या ऑनलाइन खेळावर क्रामनिक यांनी वर्षभर जाहीर संशय घेतला होता आणि नारोडित्स्की यांनी तो सातत्याने फेटाळला होता. त्यांच्या निधनानंतर फिडेने क्रामनिक यांची विधाने आपल्या नीतिविषयक आयोगाकडे सोपवली.

गैरप्रकार शोधण्याचे शास्त्र आहे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे केनेथ रीगन खेळाडूच्या खेळ्या इंजिनाच्या पसंतीशी किती जुळतात आणि त्या गुणांकनाच्या माणसाकडून किती जुळणे अपेक्षित असते, याचे सांख्यिकी गणित मांडतात. परंतु ते गणित शक्यता सांगते, साक्ष देत नाही. मोठ्या स्पर्धांत धातुशोधक यंत्रे असतात आणि प्रक्षेपण काही मिनिटे उशिरा सोडले जाते. जिल्हा पातळीवरील वयोगट स्पर्धेत पंचांजवळ काय असते? मोबाइल बाहेर ठेवा, ही सूचना आणि पालकांच्या तक्रारींचा गठ्ठा. बारा वर्षांच्या मुलीने अनपेक्षितपणे पाच डाव जिंकले, तर तिच्या कौतुकाआधी तिची झडती होण्याची वेळ येऊ नये, यासाठी ना नियमावली पुरेशी आहे ना मनुष्यबळ. भारतीय बुद्धिबळाची खरी कसोटी पदकतालिकेत नसून येथे आहे.

गो या पूर्व आशियाई खेळाचा अनुभव अधिक कठोर आहे. मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो'ने ली सेडोल यांना ४-१ असे हरवले. ली यांनी चौथ्या डावात जिंकून दाखवले खरे, पण २०१९ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली आणि ज्याला हरवता येत नाही असे काही अस्तित्वात आले आहे, हे त्यामागचे कारण असल्याचे सांगितले.

आता चर्चेत असलेली कृत्रिम बुद्धिमत्ता या इंजिनांपेक्षा वेगळ्या जातीची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या कॅगल मंचावर भाषिक प्रारूपांची बुद्धिबळ स्पर्धा झाली. अंतिम फेरीत ओपनएआयच्या 'ओ३'ने 'ग्रोक ४'ला ४-० असे हरवले. खेळाचा दर्जा मात्र कोणत्याही तालुका स्पर्धेत हसू येईल असा होता. एका प्रारूपाला तर नियमबाह्य खेळ्यांमुळे डाव सोडावे लागले. बुद्धिबळात अडखळणारी हीच प्रारूपे अर्ज तपासायला, निकालपत्रांचा सारांश काढायला, विद्यार्थ्यांना शिकवायला आणली जात आहेत. त्यांतील सर्वांत समर्थ प्रारूपे मूठभर कंपन्यांच्या ताब्यात आहेत आणि आतून बंद आहेत. स्टॉकफिशची चूक कोणीही शोधू शकतो, दुरुस्त करू शकतो. येथे ती सोय नाही.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३०० कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे इंडियाएआय अभियान मंजूर केले. दहा हजारांहून अधिक जीपीयू संशोधक आणि नवउद्योगांना उपलब्ध करून देणे हा त्याचा एक भाग आहे. संगणनशक्ती वाटून घेण्याचा हा विचार बुद्धिबळाच्या अनुभवाशी सुसंगत आहे. पण यंत्रे सामायिक आणि त्यांवर चालणारी प्रारूपे परकी व बंद, अशी स्थिती राहिली, तर लखनौच्या प्रस्तावित शहरात पट आपला आणि नियम दुसऱ्याचे, ही १८५६ ची मांडणीच नव्या रूपात दिसेल.

स्टॉकफिश मुक्त राहिले ते आपोआप नव्हे. त्याच्या परवान्यात अट आहे : जो कोणी त्यावर आधारित उत्पादन वितरित करील, त्याने आपल्या बदलांसह संपूर्ण संहिता खुली केली पाहिजे. ही अट पाळली जात नसल्याचा दावा करीत स्टॉकफिशच्या विकासकांनी २०२१ मध्ये जर्मनीच्या 'चेसबेस' कंपनीला न्यायालयात खेचले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात हे प्रकरण तडजोडीने मिटले. राज्य सरकारे आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्यात यापुढे होणाऱ्या करारांच्या मसुद्यांत या प्रकारची अट कोठे येते, आणि येते की नाही, हे तपासण्याचे काम आता धोरणकर्त्यांसमोर आहे.