डिकी का वाजते?

सिग्नलला शेजारी एखादी गाडी येऊन थांबते. काचा वर, आत जोरदार बेस. पण बाहेर उभ्या असलेल्या आपल्याला ऐकू येते ती डिकी. खर्रर्र... खर्रर्र... रिकाम्या डब्यात कुणी खिळे हलवतंय असं वाटावं! सबवूफर, अँप्लिफायर, वायरिंग यावर पगाराचा चांगला लचका तोडून जगाला ऐकवायचं काय, तर नंबर प्लेट.

यावर अॅक्सेसरीजवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "सर, पूर्ण डिकीला डॅम्पिंग शीट मारून घ्या." माझं स्पष्ट मत, हा उपाय चुकीचा नाही, पण क्रम चुकीचा आहे. लॉग न बघता सर्व्हरची रॅम वाढवण्यातला हा प्रकार. (आपल्या धंद्यातही तेच करतात म्हणा.)

मुळात होतं काय बघा. ४० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी साधारण साडेआठ मीटर. चार मीटरच्या आतल्या दोन हॅचबॅक एकामागे एक लावल्या तरी त्याहून जास्त. त्यामुळे एवढ्याशा गाडीत ती लहर मावतच नाही, आतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वर-खाली होतो, सेकंदाला ४० वेळा. डिकीचा पातळ पत्रा त्याबरोबर श्वास घेतल्यासारखा हलतो. पण नुसता हलणारा पत्रा खर्रर्र करत नाही. खर्रर्र होतं ते सैलसर चिकटलेल्या दोन वस्तू एकमेकींवर आपटल्यामुळे. हा आवाज बेसपेक्षा बऱ्याच वरच्या पट्टीतला, म्हणून कानाला जास्त बोचतो. शीट पत्र्याला आवरते, सैल जोडाला नाही.

म्हणून आधी जोड शोधा. मोबाईलवर टोन जनरेटर घ्या, २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवत न्या. मित्राला मागे उभं करा आणि एकेक भाग हाताने दाबायला सांगा. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. आधी डिकी रिकामी करा हे सांगायला नको. जॅक, पाना, स्टेपनी घट्ट बसवा. हॅचबॅकमध्ये पहिला संशयित पार्सल ट्रे. तो टेकतो तिथे फेल्टची पट्टी लावा. मग वरचा ब्रेक लाईट, आतलं प्लास्टिक ट्रिम, त्यामागच्या लोंबत्या वायरी. बऱ्याच गाड्यांत डिकीच्या कडेला रबरी ठोकळे असतात, ते पिळून थोडे बाहेर काढले की झाकण ताणून बसतं. फुकटात.

नंबर प्लेटची गंमत वेगळी. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते, आणि तिचं स्नॅप लॉक उघडण्यासाठी बनवलेलंच नाही. ते तोडायच्या भानगडीत पडू नका. प्लेटच्या मागे कडेकडेने फोमची पातळ पट्टी सरकवा, बास.

एवढं करूनही पत्रा घुमत असेल तर शीट. बोटाने टकटक करा: "टण्ण" वाजलं तिथे गरज आहे, "थप्प" वाजलं तिथे नाही. ब्युटाईल रबर आणि वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा अशी शीट घ्या. पत्रा वाकला की मधलं रबर दोघांत पिळलं जातं आणि कंपनाची उष्णता होते. पत्र्याच्या मधोमध, साधारण पाव भागावर लावली तरी बराचसा फरक पडतो. इंच न् इंच मढवण्यात फायदा मुख्यतः दुकानदाराचा. आणि स्वस्त म्हणून छताच्या वॉटरप्रूफिंगचा डांबरी पट्टा तर मुळीच नको. आपल्याकडच्या मे महिन्यात तो मऊ पडतो आणि गाडीभर डांबराचा वास.

आता एक अप्रिय गोष्ट. खडखडाट गेला म्हणजे बेस बाहेर जायचा थांबला असं नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची, पण ती मोजतात 'ए' वेटिंगने, आणि त्यात ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळपास ३५ डेसिबल वजा होतात! म्हणजे मीटर गप्प आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडकीची काच बोलतेय, असं सहज होऊ शकतं. तेव्हा तो स्वीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री वाजवू नका. रविवारी सकाळी अकरानंतर ठीक, तेही वरच्या काकांना आधी सांगून :-)