ऐकणारा माणूस उधारीच्या वहीबाहेरचा हवा



मागच्या महिन्यात एरंडोलची बॅच संपली. सगळे गेले, एक कृषी सेवा केंद्रवाला भाऊ मागे थांबला. म्हणाला, "सर, तुमचे सगळे व्हिडिओ पाहतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रात्री दोनला पुन्हा जाग येते." बियाणं-खत उधार दिलेलं, कापसाला भाव नाही म्हणून वसुली अडकलेली, वरून कंपनीचा तगादा. घरी एक शब्द सांगितलेला नाही.

"पॉझिटिव्ह राहा" हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. कारण लॉकडाऊननंतर बॅच बंद पडल्या तेव्हा माझी स्वतःची झोप अशीच उडाली होती. तेव्हा मला कुठल्या व्हिडिओने सावरलं नाही, ऑनलाइन समुपदेशकाने सावरलं.

माझं मत स्पष्ट आहे. मोटिव्हेशन वेगळं, समुपदेशन वेगळं. माझ्या व्हिडिओत मी बोलतो, तुम्ही ऐकता. तिथे तुम्ही बोलता आणि समोरचा ऐकतो, नेमके प्रश्न विचारतो. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "रात्री कोणता आकडा डोळ्यासमोर येतो?" मला सांगता येईना! मग गृहपाठ मिळाला: वहीत दोन रकाने करायचे. उद्या मी काय करू शकतो, आणि काय माझ्या हातात नाही. सहा सेशननंतर कर्ज एक रुपयाने कमी झालं नव्हतं. पण बँकेत जाऊन मुदत वाढवून मागायची हिंमत आली. चार महिने मी तेच टाळत होतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे चहाची टपरी आहे, मित्र आहेत, पैसे देऊन कशाला बोलायचं? मित्र हवेतच. पण छोट्या गावात अडचण अशी, की ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं तोच आपल्या उधारीच्या वहीत असतो, नाहीतर आपण त्याच्या. धंदा अडचणीत आहे हे त्याला कळलं की उद्या बाजारात पत जाते, ही भीती खोटी नाही. म्हणून ऐकणारा वहीबाहेरचा हवा. जळगाव तीसेक किलोमीटर. तिथे जायचं म्हणजे अर्धा दिवस दुकान बंद, वर "कुठे गेला होता?" हा प्रश्न. ऑनलाइनने हे दोन्ही सुटतं. घरात एकांत नव्हता, तर मी पद्मालयाच्या रस्त्याला गाडी बाजूला लावून, इअरफोन घालून बोलायचो.

पण माल घेताना पाहतो तसं इथेही पारखून घ्या.

१. नवा सप्लायर जोडताना जीएसटी नंबर तपासता ना? तसं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. 'लाइफ कोच'ची पाटी कोणीही लावू शकतो, मीसुद्धा!
२. वीस सेशनचं पॅकेज एकदम घेऊ नका. एकेक सेशनचे पैसे द्या. तीन-चार सेशननंतर जमत नसेल तर माणूस बदला.
३. गोपनीयतेचं आधीच विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे.
४. औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच लागतो. त्यात लाज नाही.

फी परवडत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे: १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच क्षणी घरच्या एका माणसाला उठवा, १४४१६ लावा, जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

वसुली कशी करायची, कंपनीशी हप्ते कसे ठरवायचे, हे मी शिकवीन. ते माझं काम. पण त्यासाठी डोकं शांत लागतं, आणि ते काम ज्याचं त्याच्याकडेच द्यावं. त्या भाऊला मी त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं आणि नंबर लिहून दिला.

आजचं होमवर्क: तुमच्या वहीबाहेरचा, तुमचं ऐकेल असा एक माणूस शोधा. सापडला नाही, तर वरचा नंबर सेव्ह करा.