कडी आतून लागणारी खोली

पर्लकोटेला पूर आला की गडचिरोलीतले भामरागड तुटते, हे दर पावसाळ्याचे. अशा दिवसांत तिथे एखाद्या तरुणीला दलालाच्या हातून सोडवले, तर रात्री तिला ठेवायचे कुठे? कागदावर उत्तर तयार आहे: जिल्ह्याच्या ठिकाणचे, अडचणीतल्या बायकांसाठीचे सखी वन स्टॉप सेंटर. प्रत्यक्षात समोर फुगलेली नदी आणि ठाण्यातले बाकडे.

२०१५ पासून सुरू झालेल्या या केंद्रांत साधारण ५ दिवस राहता येते, पुढची सोय ‘शक्ती सदन’मध्ये.  योजना आखली ती जिल्हा हे एकक धरून. गडचिरोलीत तालुके १२, आणि सिरोंच्याहून मुख्यालय सुमारे २०० किलोमीटर. सिरोंच्याची बाई तेलुगू बोलणार, भामरागडची माडिया, मुलचेऱ्याची कदाचित बंगाली. तिचे म्हणणे समजून घेणारे माणूस अपरात्री कुठून आणायचे?

प्रश्न एकट्या बाईपुरताही नाही. मिरची तोडायला दरवर्षी चंद्रपूर-गडचिरोलीतली कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात. त्या सगळ्यांना तस्करीचे बळी म्हणणे चुकीचे. पण उचल फिटेपर्यंत कोणाला अडकवून ठेवले, तर १९७६ चा वेठबिगारी कायदा लागू होतो. सुटका झालेल्या मजुराला ३० हजारांपर्यंत तातडीची मदत देण्याचीही तरतूद आहे. सखी केंद्र मात्र बायकांसाठी. नवरा-बायको एकत्र सुटले, तर नवऱ्याने रात्र एसटी स्टँडवर काढायची का?

सोय न करता सुटका केल्याचे परिणाम मुंबईने पाहिले आहेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये कुंटणखान्यांवर छापे घालून चारशेहून अधिक मुली सोडवल्या. निम्म्याच्या आसपास नेपाळच्या. सरकारी वसतिगृहांत त्या महिनोन्महिने अडकल्या. नेपाळमधल्या संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा जुलैत शंभरावर मुली मायदेशी परतल्या.

निवारा म्हणजे कोंडवाडाही नव्हे. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात डांबता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावले. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने अशा बायकांच्या सुटकेसाठी राज्यांना सुधारगृहांची पाहणी करायला सांगितले.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरसारखी अख्खी वसाहत एका वीज केंद्रासाठी उभी राहते. मग अहेरी, सिरोंचा, राजुरा येथे सरकारी रुग्णालयाच्या आवारात दोन-दोन खोल्या का होऊ नयेत? कडी आतून लागणारी, बाहेर महिला पोलीस, हाकेच्या अंतरावर गोंडी-तेलुगू जाणणारी सेविका. कुटुंबासाठी एक खोली वेगळी. मिरचीचा हंगाम फेब्रुवारीत भरात येतो. तरतूद त्याआधीच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीतच व्हायला हवी.