साठ दिवस आधीची भूक

डिस्नेलँड हा विषय निघाला की साहित्याच्या चर्चासत्रांत हमखास एकच परिच्छेद उद्धृत होतो. ज्याँ बोद्रियारच्या 1981 सालच्या पुस्तकातला. डिस्नेलँड काल्पनिक म्हणून मांडले जाते ते अशासाठी, की बाहेरचे लॉस एंजेलिस आणि बाहेरची अमेरिका खरी आहे असा आपला समज टिकून राहावा, हा त्याचा आशय. आम्ही दोघांनीही तो वर्षानुवर्षे शिकवला, फळ्यावर बाण काढून समजावून सांगितला. आज त्या परिच्छेदाविषयीच आमची तक्रार आहे. त्याने आपल्याला आळशी केले. चिन्ह, प्रतिकृती, अतिवास्तव हे तीन शब्द हाती आले की त्या जागेत माणसे नेमके काय करतात हे पाहण्याची गरजच उरत नाही. लहान मूल घेऊन तिथे जाणारे कुटुंब प्रतिकृतीपुढे उभे राहण्याच्या दोन महिने आधी काय करते? ते जेवणाचे टेबल मिळवण्यासाठी पहाटे उठते. आमच्या मते त्या जागेची खरी संहिता तिथे आहे, आणि समीक्षेने ती वाचलेली नाही.

ती आम्ही न्यू जर्सीत, लेकीच्या स्वयंपाकघरात पाहिली. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले होते. आम्ही दोघे, लेक, जावई, साडेचार वर्षांची नात आणि दोन वर्षेही पूर्ण न झालेला नातू. लेक पावणेसहाला संगणकापुढे बसली, जावई फोन घेऊन तिच्या शेजारी. टेबलावर एक छापील तक्ता होता. उभ्या रकान्यांत सात दिवस, आडव्या ओळींत न्याहारी, दुपार, रात्र. प्रत्येक चौकटीत उपाहारगृहाचे नाव आणि त्याखाली कंसात पर्यायी नाव. सहाला खिडकी उघडली, सव्वासहापर्यंत निम्मा तक्ता बदलला होता. साडेचार वर्षांच्या मुलीसाठी रात्री पावणेआठचे टेबल मिळाले म्हणून दोघांनी एकमेकांना टाळी दिली. ती मुलगी साडेसातला झोपते.

व्यवहार समजावून सांगायला हवा, कारण त्याचे तपशीलच या लेखाचा पुरावा आहेत. (‘आरक्षण’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून टाळतो आहोत. मराठीत त्याला सामाजिक न्यायाचा अर्थ आहे, तो इथे खर्ची घालू नये. घरी सगळे ‘बुकिंग’च म्हणतात.) टेबल साठ दिवस आधी मिळू लागते, 2020 पूर्वी ही मुदत 180 दिवसांची होती. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून साठ दिवस मोजून, पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी बुकिंगे एकाच सकाळी करता येतात. म्हणजे जो महाग खोली घेतो त्याला सहलीच्या उत्तरार्धातली जेवणे इतरांच्या आधी मिळतात. क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो. तान्ह्या बाळासकट माणसे मोजून सांगावी लागतात. बहुतेक ठिकाणी दोन तास आधी रद्द केले नाही, किंवा गेलाच नाहीत, तर माणशी किमान दहा डॉलर कापले जातात. आणि एवढे करूनही टेबल तुमच्यासाठी रिकामे ठेवलेले नसते! वेळेवर पोचल्यावर तुमच्या संख्येला पुरणारे जे पहिले टेबल रिकामे होईल ते तुमचे. पूर्वी या व्यवस्थेला ‘प्रायॉरिटी सीटिंग’ असे नाव होते, म्हणजे अग्रक्रम. ते नाव निदान प्रामाणिक होते. पुढे ते बदलून ‘रिझर्वेशन’ हा भरघोस शब्द आणला गेला.

या तक्त्याकडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने नुसते व्याकरणाच्या अंगाने पाहिले तरी पुरे. त्याचा काळ कोणता? पूर्ण भविष्यकाळ. मंगळवारी साडेअकराला मुले जेवलेली असतील, बाराला झोपलेली असतील, तीनला हसत उठलेली असतील. भूक, झोप आणि हसू यांचे भूतकाळात रूपांतर झालेले आहे, आणि अजून विमानाची तिकिटेही छापलेली नाहीत. शिवाय इथे जेवण कथानकाच्या सोयीने येत नाही. कोणत्या दिवशी चारांपैकी कोणत्या उद्यानात जायचे, कोणता पाळणा सकाळी आणि कोणती मिरवणूक दुपारी, हे सगळे टेबल कुठे मिळाले त्यावरून ठरते. सुमारे 25,000 एकरांचा हा विस्तार एका पोळीभाजीच्या वेळेभोवती फिरतो.

इथे आम्हांला ई. पी. थॉम्पसन आठवतो. औद्योगिक भांडवलशाहीने घड्याळाची शिस्त माणसांच्या अंगी कशी बाणवली, याविषयीचा त्याचा 1967 सालचा निबंध आपल्याकडे इतिहासवाले वाचतात, साहित्यवाले क्वचित. त्यात जाता जाता केलेले एक निरीक्षण आहे: लहान मुलांची आई अजून पुरती घड्याळाच्या काळात आलेली नाही, ती माणसांच्या भरती-ओहोटीकडे लक्ष ठेवून असते. कारखान्याने बापाला भोंग्यावर चालवले, शाळेने थोरल्या मुलाला घंटेवर बसवले. पाळण्यातले पोर आणि त्याची आई मात्र थोडी बाहेर राहिली, कारण पोराला भूक कधी लागेल हे कोणत्याही भोंग्याला ठरवता येत नव्हते. आमचे म्हणणे असे, की हा उरलेला तुकडाही आता घड्याळात बसवला जातो आहे, आणि तो कारखान्यात किंवा शाळेत नव्हे, सुट्टीत. तोही सक्तीने नव्हे, तर आईवडिलांच्या हौसेने, त्यांच्याच पैशाने आणि त्यांच्याच कष्टाने. दोन वर्षांच्या मुलाची एकच सत्ता असते: ‘आता’ आणि ‘आता नको’ हे म्हणण्याची. त्या ‘आता नको’ची किंमत इथे ठरलेली आहे, माणशी दहा डॉलर.

न्याय म्हणून सांगायला हवे की उंबेर्तो एकोला यातले काही दिसले होते. 1975 सालच्या आपल्या प्रवासलेखात त्याने रांगेच्या लोखंडी कठड्यांची नोंद केली आणि पाहुण्यांना तिथल्या यंत्रमानवांसारखे वागणे कबूल करावे लागते असे म्हटले. कठडे निदान फाटकाच्या आत होते. आज ते न्यू जर्सीतल्या ओट्यापर्यंत आले आहेत.

आता सिंड्रेलाकडे वळू, कारण बुकिंगच्या या झुंबडीत ज्या टेबलांवर अनेकांचा डोळा असतो, त्यांतली काही तिच्याच किल्ल्यात आहेत. मॅजिक किंगडममधल्या या किल्ल्यातल्या उपाहारगृहाचे नाव ‘सिंड्रेलाज रॉयल टेबल’. 1997 पर्यंत ते ‘किंग स्टेफन्स बँक्वेट हॉल’ होते. राजा स्टेफन हा 1959 सालच्या चित्रपटातल्या निद्रिस्त राजकन्येचा बाप. सिंड्रेलाशी त्याचे काही नाते नाही. पाव शतक लोक एका राजकन्येच्या घरी दुसरीच्या बापाच्या नावाने जेवत होते आणि कुणाचे काही बिघडले नाही. असो. मुद्दा वेगळा आहे. मेरियन कॉक्स या बाईंनी 1893 साली या कथेची 345 रूपे एकत्र केली होती. एवढ्या रूपांतून 1950 च्या चित्रपटाने शार्ल पेरोची 1697 सालची कथा उचलली, आणि मध्यरात्रीच्या बाराची अट त्या कथेतली आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत ती नाही. तिथे मुलगी आपल्याला घरी जावेसे वाटते तेव्हा निघते. वेळेची अट ग्रिमकडेही आहे, पण ती सावत्र आईच्या तोंडी आहे: राखेत ओतलेली मसूर दोन तासांत निवडून दाखव, तर समारंभाला नेईन. बुकिंग रद्द करण्याची मुदतही दोनच तासांची आहे, हा निव्वळ योगायोग. पण दोन्हीकडे अट घालणारा आणि मसूर निवडणारा वेगवेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या भाषेतले मूल वेगळ्या गोष्टीवर वाढते. चिमणीच्या दाराशी पावसात कावळा उभा आहे आणि आत बाळाचे चालले आहे: आधी न्हाऊ, मग पुसणे, मग तीट, मग घास. जगाने बाहेर थांबावे, कारण आत एक लहान जीव आपल्या गतीने चालला आहे. कावळ्यावर यात अन्याय होतो हे उघड आहे, आणि आमच्या नातीने तो बोलूनही दाखवला. परंतु काळ कुणाच्या मालकीचा, याचे त्या गोष्टीतले उत्तर स्पष्ट आहे. काऊचा घास, चिऊचा घास करत तासभर भरवणारी आजी याच उत्तराने वागत असते.

म्हणून आपले ते सोन्याचे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पंगतीचे गोडवे गाणाऱ्यांनी पंगतीत कोण कुठे बसत होते आणि कोण अंगणाबाहेर थांबत होते ते आठवावे. साठ दिवस आधी उठणाऱ्याला जात विचारली जात नाही, हे काही थोडके नव्हे. दुसराही एक आक्षेप खरा आहे. फ्लोरिडाच्या जुलैत, दमट उकाड्यात, बाबागाडीत रडणारे पोर घेऊन फिरणाऱ्या आईला अमुक वाजता थंड खोलीत बसायला मिळेल याची खात्री हा मोठा दिलासा असतो. ज्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, ज्याला गोंगाट सहन होत नाही, त्याच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवता येणे तर मोलाचेच. बुकिंग नावाची गोष्ट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाहीच. टेबलांपेक्षा माणसे जास्त असली की काही तरी क्रम लावावाच लागतो.

पण मग एक साधा प्रश्न विचारावा. या उद्यानांत घरचा डबा नेता येतो. काचेची भांडी आणि दारू चालत नाही. दशम्या, गूळ, केळी, मुलाचा मऊ भात, सगळे चालते. भुकेचाच प्रश्न असता तर तो पिशवीत सुटला असता. आईवडील तरीही पहाटे उठतात, कारण तिथे जेवण विकले जात नाही. विकली जाते ती भेट. मिकी किंवा राजकन्या टेबलापाशी येते, सही करते, छायाचित्र काढू देते. तीच भेट बाहेर उन्हात रांगेत उभे राहून घ्यावी लागते. म्हणजे आधी रांग निर्माण करायची आणि मग ती चुकवण्याचा हक्क अन्नाच्या नावाने विकायचा. पाळण्यांच्या बाबतीत हे अधिक उघडपणे झाले: 1999 साली सुरू झालेला ‘फास्टपास’ फुकट होता, 2021 पासून रांग चुकवण्याचे वेगळे पैसे पडतात. मुलाला भूक लागली म्हणून नव्हे, तर राजकन्या साडेअकराला येते म्हणून साडेअकराला भूक लागायला हवी.

आणि हा मेळ बसवण्याचे काम कोण करते? आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत आई. नोकरी सांभाळून, रात्री दहानंतर, कोणत्या तारखेला कोणते उपाहारगृह दुरुस्तीसाठी बंद आहे याचा अभ्यास करत. तिच्या या श्रमांना कामही म्हणत नाहीत. ‘तिला प्लॅनिंगची आवड आहे’ असे म्हणतात. एकेकाळी हे काम प्रवासकंपनीचा पगारी माणूस करत असे. आज ते आईच्या गळ्यात आहे आणि चूक झाली तर दोषही तिचाच. सहल बिघडली की मूल हट्टी ठरते किंवा आई अव्यवस्थित ठरते. वेळापत्रकाकडे कुणी बोट दाखवत नाही. बोद्रियारच्या परिच्छेदात या बाईला जागा नाही, कारण ती प्रतिकृती नाही, खरी आहे आणि झोपलेली नाही.

आमच्या सहकाऱ्यांना हे सारे क्षुल्लक वाटेल याची कल्पना आहे. डिस्नेचा विचार करायचा तर डॉर्फमन आणि मातलार यांनी 1971 साली चिलीत डोनल्ड डकवर लिहिले तसा, साम्राज्यवादाच्या पातळीवर करावा, पोरांच्या जेवणाच्या वेळा कसल्या मोजता, असे विचारले जाईल. आमचे उत्तर इतकेच, की ते दोघे चित्रकथेची एकेक चौकट वाचत होते. आम्हीही चौकटीच वाचतो आहोत, सात गुणिले तीन.

तो तक्ता आम्ही लेकीकडून मागून आणला आहे. शेवटच्या रकान्यात, टीपा म्हणून, तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत काही काही लिहिले होते. गुरुवारच्या दुपारपुढे लिहिले होते: ‘इथे बहुधा झोपेल. आईबाबा बाबागाडीपाशी थांबतील का, विचारणे.’ तिने विचारलेच नाही. आम्ही थांबलो. नातू दोन तास झोपला, उठल्यावर अर्धी दशमी खाल्ली, आणि उरलेली समोरच्या बदकाला देऊ का म्हणून आमच्याकडे पाहिले. बदक खरे होते.